बीडचा पाऊस निघतो कुठून?

दोस्तांनो, या वेळच्या टपालात केज तालुक्यातून आलेलं एक पत्र आहे. सातवीतल्या एका मैत्रिणीनं लिहिलंय, "आमच्या गावाहून मुंबईचा समुद्र तीनशे किलोमीटरच्या वर. आंध्रचा समुद्र तर त्याच्या दुपटीहूनही लांब. मग तिकडे चक्रीवादळ झालं की आमच्या मांजरा धरणाचे दरवाजे का उघडावे लागतात? आणि आम्हाला पाऊस हवा असतो, तेव्हा हे वादळ कुठं जातं?"

पहिला प्रश्न फक्कड आहे. दुसरा त्याहून फक्कड! या दुसऱ्या प्रश्नापायी काही माणसांनी आपलं अख्खं आयुष्य खर्ची घातलंय. पण त्यांची गोष्ट नंतर. आधी दप्तरातला नकाशासंग्रह काढा आणि आशिया खंडाचं पान उघडा. भिंतीवरचा नकाशा असेल तर उत्तमच.

सापडलं बीड? बीड शहर जवळजवळ १९ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे. आता त्या आडव्या रेघेवर बोट ठेवा आणि सरळ उजवीकडे, म्हणजे पूर्वेला निघा. नांदेडच्या जवळून तेलंगणात शिरा. मग बस्तरचं जंगल, मग ओडिशा आणि आंध्र यांच्या सीमेजवळ समुद्र लागेल. हा बंगालचा उपसागर. तो ओलांडला की म्यानमार. पुढे थायलंडमधल्या चिआंग माईच्या आसपासचे डोंगर, मग लाओस, मग चिंचोळा व्हिएतनाम. पुन्हा पाणी. त्यात हैनान नावाचं चीनचं बेट, आणि दक्षिण चीन समुद्र संपता संपता फिलिपाइन्सच्या लुझॉन बेटाचं उत्तरेकडचं टोक. त्याच्या पलीकडे नुसता समुद्र, डोळे थकतील एवढा. हा पॅसिफिक महासागराचा पश्चिम भाग. बीडपासून इथपर्यंत तुमच्या बोटानं सुमारे पाच हजार किलोमीटर काटले.

बोट तिथेच राहू द्या. आता एक खरी गोष्ट ऐका.

२०२१ सालचा सप्टेंबर. तुमच्यातले छोटे तेव्हा शाळेतही जात नसतील, त्यांनी आई-बाबांना विचारावं. २५ तारखेला बंगालच्या उपसागरात एक चक्रीवादळ तयार झालं. त्याचं नाव 'गुलाब'. (हे नाव पाकिस्ताननं सुचवलेलं होतं. आपल्या बाजूच्या समुद्रातल्या वादळांची नावं तेरा देश मिळून आधीच ठरवून ठेवतात.) २६ तारखेच्या संध्याकाळी गुलाब आंध्रातल्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. जमिनीवर आलेलं वादळ लवकर दमतं. दुसऱ्याच दिवशी त्याला चक्रीवादळ म्हणण्याइतका वारा त्याच्यात उरला नव्हता. पेपरात 'वादळ निवळलं' असं छापून आलं की लोक निश्चिंत होतात. मला मात्र हा शब्द नेहमीच फसवा वाटत आलाय. वारा निवळला होता, पण गोल फिरणारी हवा आणि तिनं समुद्रावरून उचलून आणलेली वाफ तशीच शिल्लक होती. ती तेलंगणातून निघाली ती थेट मराठवाड्यावर आली.

२८ सप्टेंबरच्या पहाटे मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले. तिकडे सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचे अकरा दरवाजे उघडले. एकट्या मांजरातून सुमारे ७० हजार क्युसेक पाणी सुटलं. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर पाणी मावतं, म्हणजे अंघोळीच्या जेमतेम दोन बादल्या. आता करा गुणाकार. सेकंदाला वीस लाख लिटर होतात की नाही?

हा आकडा एवढ्यासाठी करायला लावला, की याच धरणाची आणखी एक आठवण आहे. केज तालुक्यात धनेगावला असलेल्या या धरणातून लातूर शहराला पाणी जातं. २०१५ साली पाऊस इतका कमी पडला, की धरण कोरडं पडलं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी पार मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. ते बघायला स्टेशनवर केवढी गर्दी! आणि पाच वर्षांनी त्याच धरणातून तेवढं पाणी किती वेळात बाहेर पडत होतं? पाव सेकंदात. डोळ्याची पापणी लवायला लागतो, तेवढाच वेळ.

धरण एकच, जिल्हा एकच. मग एवढा फरक कशानं पडतो?

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही वाचलं असेल, की नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात आणि सह्याद्रीला अडून पाऊस पाडतात. अगदी बरोबर. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण घाट उतरून हे ढग पूर्वेकडे येतात, तेव्हा त्यांची झोळी बरीचशी रिकामी झालेली असते. बीड जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच येतो, आणि आष्टी-पाटोद्याकडे त्याहूनही कमी. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण गोष्ट इथे अर्धीच झाली. पश्चिमेचा ढग रिकामा येतो, तर मग बीडची विहीर भरतो कोण?

तर ती बरीचशी पूर्वेचा पाहुणा भरतो. बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाला, की तिथे वारा गोल फिरायला लागतो. ते फिरणारं चक्र ओडिशा-आंध्राच्या किनाऱ्यावरून जमिनीवर येतं आणि पश्चिमेकडे सरकू लागतं. जाता जाता ते दोन्ही समुद्रांवरचे ओले वारे स्वतःकडे ओढून घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये या चक्रांची नेहमीची वाट छत्तीसगड, मध्य प्रदेश अशी असते, म्हणून बीडवरून नुसतंच आभाळ भरून जातं आणि लोक वर बघत बसतात. वाट थोडी दक्षिणेला सरकली तर मात्र मराठवाड्याची चंगळ. सप्टेंबरात ती पुष्कळदा सरकते. आजोबांना विचारा, ते उत्तरा आणि हस्त नक्षत्रांची नावं सांगतील. हादगा किंवा भोंडला खेळताना मुली पाटावर हत्ती काढतात ना, तोच हा हस्त. सूर्य हस्त नक्षत्रात जातो २७ सप्टेंबरच्या सुमारास. गुलाब मराठवाड्यावर आलं ते नेमकं त्याच दिवशी! पंचांगात गुलाबचं नाव नव्हतं, पण या दिवसांत पूर्वेकडून जोरदार पाऊस येतो, हे कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या बघून ठेवलं होतं.

आता थोडं चक्राच्या आत डोकावू या. चहाच्या आधणावर हात नेला तर वाफेचा चटका बसतो (मुद्दाम करून बघू नका, लहानपणी एकदा तरी बसलेला असतोच). ही वाफ उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त पोळते, कारण वाफेचं पुन्हा पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता बाहेर पडते. समुद्रावरही हेच घडतं. पाणी साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापलं, की भरपूर वाफ वर चढते. वर गार हवेत तिचे ढग होतात, आणि दडलेली उष्णता तिथे मोकळी होते. त्यानं हवा आणखी तापून आणखी वर जाते, खालचा दाब आणखी कमी होतो आणि आजूबाजूचा वारा आत धावतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तो सरळ आत न जाता वळतो. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. वाफ हे या यंत्राचं सरपण. जमिनीवर आलं की सरपण तुटतं, म्हणून वादळ दमतं.

या यंत्राला आणखी एक गोष्ट लागते. मातीच्या मडक्यांची उतरंड पाहिलीय? एकावर एक मडकी सरळ असतील तोवर ती उभी राहते. वरच्या मडक्याला एका बाजूनं आणि खालच्याला दुसऱ्या बाजूनं धक्का दिला तर कोसळते. वादळाचंही तसंच. खालचा वारा एकीकडे आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा भलतीकडे जोरात वाहत असेल, तर वादळाची उतरंड उभी राहत नाही. भर पावसाळ्यात आपल्याकडे नेमकं असंच असतं. खाली नैर्ऋत्येकडून येणारे वारे आणि वर पूर्वेकडून येणारे जोरकस वारे. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात मोठी चक्रीवादळं फारशी होत नाहीत. त्यांची धाकटी भावंडं, म्हणजे कमी दाबाची क्षेत्रं आणि 'डिप्रेशन', ही मात्र होतात. हवामान खात्याचा हिशेब ठरलेला आहे. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या वर गेला की डिप्रेशन, आणि ६२ किलोमीटरला पोचला की चक्रीवादळ. नाव मिळतं ते इथून पुढे. आपल्या शेताला पाणी देतात ती बहुतेक ही बिननावाची धाकटी भावंडं.

नावावरून आठवलं. इंग्रजीतला 'सायक्लोन' हा शब्द जन्मला कुठे, माहीत आहे? आपल्या कोलकात्यात. हेन्री पिडिंग्टन नावाच्या माणसानं वादळांचा अभ्यास करून १८४८ साली तो शब्द वापरात आणला. हेच वादळ पश्चिम पॅसिफिकमध्ये उठलं की त्याला 'टायफून' म्हणतात. टायफून हा आपल्या 'तुफान'चा नातेवाईक. आणि 'मॉन्सून' आला तो अरबी खलाशांच्या 'मौसिम'वरून, ज्याचा आपण 'मोसम' केला. समुद्रावर माल जसा एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जातो, तसे शब्दही जातात.

आता फिलिपाइन्सजवळ ठेवलेल्या बोटाकडे परत या. पृथ्वीवरचं सगळ्यांत मोठं गरम पाण्याचं तळं तिथे, पश्चिम पॅसिफिकमध्ये आहे. पृष्ठभागावरचं पाणी बहुतेक काळ २८ अंशांच्या वर. सरपणाचा ढीगच म्हणा ना! बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून वर्षाला चार-पाच चक्रीवादळं होतात. पश्चिम पॅसिफिकमध्ये होतात पंचवीसच्या आसपास, जगातल्या कुठल्याही समुद्रापेक्षा जास्त. त्यांतली काही उत्तरेला वळून जपान, कोरियाकडे जातात. काही चीनच्या किनाऱ्यावर आपटतात. आणि काही सरळ पश्चिमेला, तुमच्या बोटाच्या रेघेवरून उलटी येतात. व्हिएतनाम, लाओस, थायलंडच्या डोंगरांवर आपटून त्यांचा जोर जातो, नाव पुसलं जातं. पण हवेतली ती फिरकी कधी कधी पुरती मरत नाही. म्यानमार ओलांडून ती बंगालच्या उपसागरावर येते. खाली पुन्हा कोमट पाणी मिळतं, आणि विझत आलेल्या चुलीत कुणीतरी फुंकर घालावी तसं होतं.

ही नुसती कल्पना नाही बरं का. साहा, सँडर्स आणि शुक्ला या तीन शास्त्रज्ञांनी १९६९ ते १९७८ या दहा वर्षांतले जुलै-ऑगस्टचे हवामानाचे नकाशे तपासले. (यांतले जगदीश शुक्ला उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले.) त्या काळात बंगालच्या उपसागरात ५२ डिप्रेशन आणि वादळं झाली होती. त्यांतल्या ४५ जणांचा माग पूर्वेकडे निघाला! प्रत्येकाच्या मागे भलंमोठं टायफून होतं असं नाही. कित्येकदा हवेच्या दाबाच्या नकाशावर नुसती एक उथळ खळगी दिसायची, पण ती दिवसामागून दिवस पश्चिमेला सरकत उपसागरात पोचलेली असायची. हे त्यांनी १९८१ साली छापलं. संगणकाच्या पडद्यावर ढग सरकताना दाखवायचे ते दिवस नव्हते. कागदावरचा एक नकाशा, मग दुसऱ्या दिवशीचा, मग तिसऱ्या दिवशीचा, असं बघत बसावं लागे.

याचं सगळ्यांत धडधडीत उदाहरण १९८९ सालचं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला थायलंडच्या आखातात 'गे' नावाचं टायफून झालं. ते आखात पश्चिम पॅसिफिकच्याच खात्यात मोडतं. तिथे तेल शोधणारं 'सीक्रेस्ट' नावाचं जहाज होतं. वादळात ते उलटलं, आणि ९७ जणांपैकी फक्त सहा जण वाचले. ४ तारखेला गे थायलंडच्या चुंफोन प्रांतावर आदळलं, तिथली चिंचोळी जमीन ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरलं, तिथे आणखी भयंकर झालं, आणि ९ नोव्हेंबरला आंध्रात कावलीजवळ किनाऱ्यावर आलं. मग जमिनीवरून सरकत सरकत ते महाराष्ट्रावर येऊन विरून गेलं. थायलंडपासून महाराष्ट्रापर्यंत! पॅसिफिकच्या पोटातलं वादळ आपल्या दारात येऊन निजलं, असं म्हणायला हरकत नाही.

बीडकरांना मात्र १९८९ म्हटलं की वेगळंच आठवतं. त्या वर्षी जुलैत बिंदुसरेला महापूर आला आणि नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. तिकडे रायगड जिल्ह्यात जांभूळपाड्याला अंबा नदीनं हाहाकार केला, तोही त्याच जुलैत. तोवर पर्जन्यछायेतली बिंदुसरा एवढी अंगावर येईल, हे कुणाला खरं वाटलं असतं? उन्हाळ्यात जिच्या पात्रात क्रिकेट खेळतात अशी नदी. कोरड्या जिल्ह्यात पुराची सवय नसते, घरं पात्राला खेटून बांधली जातात, आणि म्हणून कोरड्या जिल्ह्यातला पूर जास्त घातकी ठरतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून राहिलंच. पाऊस हवा असतो, तेव्हा वादळं कुठं जातात?

इथे एका बूमरँगवाल्या साहेबांची ओळख करून द्यायला हवी. गिल्बर्ट वॉकर. हा गणितज्ञ. बूमरँग फेकण्याचा भारी नाद, त्यावर शास्त्रीय लेखसुद्धा लिहिलेला. १९०४ साली तो भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. त्याच्या आधीच्याच काही वर्षांत दुष्काळानं लाखो माणसं मेली होती, आणि पुढच्या पावसाचा अंदाज आधी सांगता येईल का, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. तेव्हा खात्याचं मुख्य कार्यालय सिमल्याला होतं. (१९२८ मध्ये ते पुण्याला आलं, आणि पुणेकर त्या इमारतीला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. पुण्याला गेलात की शिवाजीनगरला ती पाहा.) वॉकरनं जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवले आणि कारकुनांच्या फौजेकडून हातानं आकडेमोड करून घेतली. त्यातून त्याच्या लक्षात आलं, की पॅसिफिकवरचा हवेचा दाब आणि हिंदी महासागराच्या बाजूचा दाब हे सी-सॉवर बसलेल्या दोन मुलांसारखे आहेत. एक वर गेला की दुसरा खाली. त्यामागचं समुद्राचं कारण उलगडलं ते त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

ते कारण असं. पॅसिफिकवर नेहमी पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात आणि गरम पाणी ढकलत ढकलत फिलिपाइन्स-इंडोनेशियाच्या बाजूला साठवतात. म्हणून तर तिथे ते गरम तळं आहे. काही वर्षी हे वारे ढिले पडतात. मग गरम पाणी मागे, पूर्वेकडे सरकतं. यालाच 'एल निनो' म्हणतात. पेरू देशातल्या कोळ्यांनी दिलेलं हे नाव. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ 'छोटा मुलगा', म्हणजे बाळ येशू, कारण हे पाणी तिथे नाताळच्या सुमाराला पोचायचं. सरपणाचा ढीग पूर्वेकडे सरकला, की टायफूनसुद्धा पूर्वेकडे लांब समुद्रात जन्मतात. एवढ्या लांबून व्हिएतनाम गाठण्याआधीच त्यांतली बरीचशी उत्तरेला वळतात आणि जपानच्या बाजूला किंवा भर समुद्रात संपतात. शिवाय हवा ज्या बाजूला वर चढते तिथे पाऊस, आणि जिथे खाली उतरते तिथे कोरड. एल निनोत ही उतरणारी हवा आपल्या बाजूला येते. केजच्या मैत्रिणी, तुझ्या वाटचं चक्र त्या वर्षी असं पाच हजार किलोमीटरवरच वाट चुकलेलं असतं.

१९७२ एल निनोचं वर्ष होतं. तुमच्या आजी-आजोबांनी तेव्हा सुकडी आणि मिलो खाल्ली असेल, रोजगार हमीवर खडी फोडली असेल. २०१५ही एल निनोचंच, म्हणजे पाण्याच्या रेल्वेच्या आदलं वर्ष. पण लगेच सूत्र पाठ करू नका. १९९७ साली एल निनो जबरदस्त होता, सगळे घाबरले होते, आणि देशात पाऊस चांगला पडला! आणि टायफून पश्चिमेला आलं म्हणजे ते बीडलाच येईल, असंही नाही. २०२४ च्या सप्टेंबरातलं 'यागी' घ्या. जपाननं दिलेलं हे नाव, अर्थ शेळी. या शेळीनं हैनान आणि व्हिएतनाममध्ये हाहाकार माजवला, म्यानमारला पुरात बुडवलं, आणि तिचा उरलेला भोवरा बंगालच्या उपसागरापर्यंत आला. पण तिथून पश्चिम बंगाल, झारखंड करत तो उत्तरेकडच्या वाटेनं गेला. आभाळात सरकारी रस्ते नसतात.

या सगळ्यावर बीडमध्ये काय काय अवलंबून असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. सोयाबीन कापणीला आलेलं असताना गुलाबसारखा पाऊस आला, तर शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. आलाच नाही, तर रब्बीची ज्वारी पेरता येत नाही आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या आणखी भरून जातात. त्या गाड्यांत तुमच्याच वर्गातली मुलं असतात. काही साखरशाळेत जातात, काही गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, काहींचं नाव फेब्रुवारीपर्यंत हजेरीपटावर नुसतंच असतं. बाकावरची ती रिकामी जागा आणि फिलिपाइन्सजवळचं समुद्राचं तापमान यांचा संबंध असतो, हे भूगोलाच्या पुस्तकात एका वाक्यात तरी यायला हवं, असं मला वाटतं.

गुलाबची गोष्ट थोडी उरली आहे. मराठवाडा धुऊन काढल्यावर तो भोवरा गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला. तिथे पुन्हा सरपण मिळालं, आणि १ ऑक्टोबरला त्याचं दुसरं बारसं झालं. नवं नाव 'शाहीन', कतारनं सुचवलेलं. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर चढलं. एकच फिरकी, दोन नावं. याउलट जानेवारी २०१९ मध्ये 'पाबुक' दक्षिण चीन समुद्रातून थायलंड ओलांडून अंदमानच्या समुद्रात आलं तेव्हा त्याचं नाव तेच राहिलं, कारण वाटेत ते पुरतं मोडलं नव्हतं. पाबुक म्हणजे लाओसमधला एक मोठा मासा.

आता करून पाहा. उभ्या, सरळ भिंतीची काचेची बरणी घ्या. वर निमुळती होणारी नको. आत पट्टी धरून पाणी मोजता आलं पाहिजे. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजा, वहीत तारीख आणि मिलिमीटर लिहा, पाणी ओतून बरणी परत ठेवा. साडेआठच का? आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठलाच बदलतो. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की सरकारदरबारी त्याला अतिवृष्टी म्हणतात, आणि पीक गेल्यावर पंचनाम्याच्या वेळी हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो. पर्जन्यमापक असतो मंडळाच्या गावी, आणि पाऊस पडतो शेजारच्या शिवारात, असंही होतं. एका एकरावर ६५ मिलिमीटर म्हणजे दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर! मिरजेहून आलेल्या त्या पहिल्या गाडीतलं पाणी दोन एकरांच्या एका दिवसाच्या अतिवृष्टीइतकंही नव्हतं.

वहीत शेजारी आणखी एक रकाना आखा. त्यात बातम्यांमध्ये ऐकलेल्या टायफूनचं नाव, ते कुठे आहे आणि कुठे निघालंय ते लिहा. व्हिएतनामच्या बाजूनं आलं तर पुढचे आठ-दहा दिवस पावसाच्या रकान्यावर नजर ठेवा. वही ऑक्टोबरअखेरपर्यंत चालवा आणि मग आम्हाला पाठवा. केजची मैत्रीण तर पाठवीलच.

आणि हो, बरणी उघड्या गच्चीवर किंवा अंगणाच्या मधोमध ठेवा, झाडाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीखाली नको. घरात शेळी असेल तर तिच्यापासून लांब. ती पाणी पिऊन टाकते आणि तुमच्या वहीत विनाकारण दुष्काळ पडतो.